कडकनाथच्या पिल्लांतून विम्याचा हप्ता निघणार नाही

नगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४६, पती दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा अकरावीत. घरी चाळीस गावरान कोंबड्या आणि तीन कोंबडे मोकळे फिरतात. अंडी आणि अधूनमधून एखादा कोंबडा विकून महिन्याला चारेक हजार सुटतात. आता पंधरा हजारांत काळ्या कातडीच्या कडकनाथ जातीच्या दहा माद्या आणि एक नर घ्यायचा विचार आहे. त्या लिहितात, "वेगळं खुराडं आणि जाळी करायला वीस हजार सांगतात. त्यापेक्षा आमच्याच कळपात सोडले तर चालतील का? विकणारे चालतील म्हणतात. दहा माद्यांची दीडशे-दीडशे अंडी म्हणजे दीड हजार पिल्लं, शंभरने दीड लाख. पॉलिसीचा वर्षाचा हप्ता दीड लाखच आहे, तो यातून निघेल."

ताई, आधी विचारलेल्याचं उत्तर देते. पाळायला कळपात खुशाल चालतील. शुद्ध पिल्लं विकायची असतील, तर तीन गावरान कोंबडे असताना चालणार नाहीत.

चार नरांत एक काळा, म्हणजे अगदी सगळ्यांना समान संधी मिळाली तरी चारातलं एकच पिल्लू त्याचं. तेवढी संधीही त्याला मिळत नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका दादांच्या अंगणात मी हे पाहिलं आहे. दिवेलागणीला सगळ्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आणि नवा काळा कोंबडा तुरा रक्ताळलेला घेऊन बाहेर लाकडांच्या ढिगावर बसून राहिला. जुन्या नरांनी त्याला आत येऊ दिलं नव्हतं. तो माद्यांजवळ कधी जाणार?

बरं, रंगावरून निवडू म्हणाल तर तेही होत नाही. कडकनाथच्या काळेपणाचं जनुक प्रभावी आहे. आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी ते कातडीवर उतरतं, कधी गडद, कधी फिकट. काळं पिल्लू म्हणजे शुद्ध पिल्लू नव्हे. तुम्ही मनापासून शुद्ध म्हणून विकाल, आणि पुढच्या पिढीत घेणाऱ्याच्या घरी पांढऱ्या कातडीची पिल्लं निघतील. तुमच्या गावरान अंड्यांवरचा लोकांचा विश्वासही त्याच्यासोबत जाईल, आणि आज तुमचं घर त्या विश्वासावर चाललं आहे.

आता दीड हजार पिल्लांचं बघू. कडकनाथ मादी वर्षाला शंभरच्या आसपास अंडी देते. दहा माद्यांची हजार. झुडपात घातलेली, मुंगसाने नेलेली, फुटलेली वजा करा, आठशे उरतील. ती उबवणार कोण? कडकनाथ मादी खुडूक बसायला नाखूश असते, म्हणजे काम तुमच्या गावरान कोंबड्यांवर येणार. एका कोंबडीखाली बारा अंडी धरली तर आठशेंना पासष्ट-सत्तर बैठका लागतील. बसलेली कोंबडी २१ दिवस अंडं देत नाही, आणि नंतर पिल्लं घेऊन हिंडते तेव्हाही नाही. तेवढ्या बसवल्या तर तुमचे महिन्याचे चार हजारच बंद पडतील.

झेपतील अशा पंचवीस बैठका धरा. तीनशे अंडी, त्यातून दोनशे पिल्लं. गावात साठचा भाव मिळाला तर बारा हजार. उरलेली पाचशे अंडी खाण्यासाठी दहाने गेली तर पाच हजार. खाद्य, लस, मरतूक यांचे सात हजार काढले की हातात दहा हजार राहतात. वीस हजारांचं खुराडं फिटायलाच दोन वर्षं.

म्हणून खुराडं नको. तीन गावरान कोंबडे विकून टाका. त्यानंतर तीन आठवडे कडकनाथ माद्यांचं एकही अंडं उबवायला ठेवू नका, कारण कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं. कडकनाथ माद्यांना रात्रीपासून दुपारपर्यंत एखाद्या जुन्या जाळीत वेगळं ठेवा. बरीचशी अंडी तेवढ्या वेळात पडतात, त्यामुळे कोणतं अंडं कोणाचं ते कळेल. मग मोकळं सोडा. नर एक नको, दोन घ्या, आणि वेगवेगळ्या ठिकाणचे घ्या. पन्नास माद्यांना एक नर पुरणार नाही, अंडी रिकामी निघतील. शिवाय एका नरावर दहा माद्यांची पैदास चालवली तर दर पिढीला आपसातलं रक्ताचं नातं सुमारे १४ टक्क्यांनी वाढतं. दोन नर असले तर साडेसातने. गावरान कोंबड्यांची पिल्लं मात्र आता संकर असतील, ती संकर म्हणूनच विका. आणि शेजारचा कोंबडा तुमच्या अंगणात येत असेल तर हे सगळं व्यर्थ आहे, तेवढं आधी बघा.

विकणाऱ्याने पत्रकावर भौगोलिक मानांकन छापलं आहे म्हणता. ते २०१८ साली मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला मिळालं, तुमच्या अंगणातल्या पिल्लाला ते लागू होत नाही. "पिल्लं आम्हीच परत घेऊ" यावर तर एक पैसाही देऊ नका. २०१९ साली इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात असंख्य शेतकऱ्यांचे पैसे अशाच शब्दावर अडकले.

पण ताई, मला तुमच्या पत्रातली कोंबडी खुपली नाही, तो दीड लाख खुपला. दीडशे अंडी, शंभर टक्के उबवण, शंभरचा भाव, आणि उत्तर नेमकं हप्त्याएवढं. हप्ता भरायचाच आहे असं धरून तुम्ही उलटा हिशोब केला आहे. माझा प्रश्न असा आहे की हा हप्ता भरायचाच कशाला?

तुम्ही लिहिलंय की पतींच्या पश्चात नऊ लाख मिळाले. बँकेतल्या माणसाने "एकदाच भरा, ठेवीसारखंच आहे, वर विमा" असं सांगून दीड लाख घेतले. घरी कागद आले तेव्हा कळलं की हप्ता दहा वर्षं आहे. पहिला गेल्या वर्षी गेला, दुसरा पुढच्या महिन्यात. नवऱ्याच्या जाण्याने मिळालेले पैसे हाती असलेल्या बाईला दहा वर्षांचा हप्ता एकरकमी म्हणून विकणं, याला मी चूक म्हणणार नाही. ही फसवणूक आहे, आणि मला तिचा संताप येतो.

दहा हप्त्यांचे पंधरा लाख, आणि तुमच्या कागदावर पंधराव्या वर्षाच्या शेवटी चोवीस. साडेचार टक्के पडतात. तुमची स्वतःची मुदत ठेव सात टक्के देते आहे. पहिले दीड लाख पूर्ण बुडाले असं धरा आणि पुढचे नऊ हप्ते सातने ठेवीत टाका, सत्तावीस लाख होतात. व्याज सहावर उतरलं तरी चोवीसची बरोबरी होते. म्हणजे "एवढे भरलेत तर पुढचेही भरा" हे कुठल्याच बाजूने टिकत नाही.

आणि भरणार कुठून? उरलेले साडेसात लाख सगळे ओतले तर पाच हप्ते होतात. पुढचे चार उरतातच, आणि तोवर मुलाच्या शिक्षणाला हात लावायला काही राहिलेलं नसेल.

पुढचा हप्ता भरू नका. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर तीस दिवस सवलत असते, त्याआधी तक्रार गेली पाहिजे. विमा कंपनीच्या तक्रार कक्षाला आणि बँकेच्या शाखेला लेखी कळवा: एकरकमी म्हणून विकली, पूर्ण हप्ता परत हवा. पॉलिसीच्या अर्जावर तुमचं उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. तिथे वर्षाला पाच-सात लाख लिहिलेलं निघालं तर तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा त्यांच्या बीमा भरोसा संकेतस्थळावर नोंद करा. महिन्यात दाद लागली नाही तर पुण्यात विमा लोकपाल आहेत. फी नाही, वकील लागत नाही, साध्या मराठी अर्जावर चालतं. तिथला निकाल लागेपर्यंत पॉलिसी परत करून मोकळ्या होऊ नका. तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे, त्यामुळे एक वर्ष पूर्ण झाल्यावर काही रक्कम परत मिळण्याचा हक्क तुम्हाला आहेच. लोकपालांकडे नाही जमलं तर ती घ्या आणि सोडा.

विमा मुलासाठी हवा, हे खरं. त्याला दीड लाख लागत नाहीत. पंतप्रधान जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण आहे, पण वयाच्या पन्नाशीआधी शिरावं लागतं. अपघाताची सुरक्षा योजना २० रुपयांची. दोन्ही याच आठवड्यात घ्या. साडेसात लाख एकाच बँकेत असतील तर पाच लाखांपर्यंतच ठेवविमा आहे, वरचे पोस्टात हलवा आणि मुलाच्या बारावीनंतरच्या फीच्या तारखांना पिकतील असे तुकडे करा.

कडकनाथ घ्या, पण चार माद्या आणि दोन नर, अंड्यांच्या पैशातून, ठेव न मोडता. त्याआधी तुमच्या चाळीसही कोंबड्यांना मानमोडीची लस झाली आहे ना, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आणि नवे पक्षी तीन आठवडे वेगळे ठेवूनच कळपात आणा. तक्रारीचा मसुदा करून पाठवते. अर्जाची प्रत बँकेकडून आली की त्यावरचा उत्पन्नाचा आकडा मला कळवा.