पॉइंटचं मशीन घरी वापरताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलाने मुंबईहून पेनासारखं अ‍ॅक्युपंक्चरचं मशीन आणून दिलं. उपचाराचा बिंदू सापडला की ते वाजतं आणि तिथे विजेचे हलके झटके देतं म्हणे. आमच्याकडे हाताला कुठेही टेकवलं तरी वाजतं. बिघडलंय का? (देवगड)

मशीन बहुतेक ठणठणीत आहे, वाजवतोय तो घाम. हे पेन बिंदू ओळखत नाही. त्वचेचा विजेला होणारा विरोध तेवढा मोजतं. विरोध कमी लागला की वाजतं. आपल्याकडे मे असो वा श्रावण, अंग कायम चिकट. ओल्या, खारट त्वचेतून वीज सहज जाते, त्यामुळे अख्खा हातच बिंदू ठरतो. पेन जोरात दाबलं तरी तेच होतं.

हात साबणाने धुवा, खसखसून पुसा, दहा मिनिटं पंख्याखाली बसा आणि मग हलकेच टेकवा. तरीही त्या आवाजावर विसंबू नका असंच मी सांगेन. अंगठ्याने दाबून पाहा. आजूबाजूपेक्षा जिथे जास्त दुखरं आणि जरा खोलगट लागतं, ती जागा धरा. खाऱ्या हवेने सेलच्या स्प्रिंगवर हिरवट थर चढतो, म्हणून वापर झाला की सेल काढून मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. गुडघे धरतात, मधुमेह जुना आहे. मशीन कुठे आणि किती वेळ लावू? (गुहागर)

मशीन हातात घेण्याआधी एक काम करा. आईंना डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या बोळ्याने पावलं, घोटे, पोटऱ्यांना हळूच स्पर्श करा. 'आता लागलं' असं त्यांना प्रत्येक वेळी सांगता आलं पाहिजे. जिथे सांगता येत नाही, तिथे मशीन लावायचंच नाही. हे मी कळकळीने लिहितेय. माझ्याकडे मासळी विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. पायाला मुंग्या जाणवेनात म्हणून त्या मशीनचा जोर वाढवत गेल्या. घोट्याजवळ डाळीएवढं भाजलं, आणि ते दिसलं लेकीला, दुसऱ्या दिवशी पाय धुताना.

स्पर्श नीट कळत असेल तर गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजा, तिथून नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बोट सरका. ही जागा बहुतेकांची दुखरी असते. सगळ्यात कमी जोरापासून सुरुवात करा. टिचकी किंवा मुंग्या जाणवल्या की तिथेच थांबा. एका जागी अर्धा मिनिट, दिवसातून दोनदा, पुरे. कळ येईपर्यंत जोर वाढवला की गुण जास्त येतो, ही समजूत चुकीची आहे.

याने गुडघ्याची झीज भरून येत नाही. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूपाशी दुखण्याची वाट अडवतात. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, तेच इथे वीज करते. म्हणून आराम पडतो त्या वेळात मांडीचे व्यायाम करून घ्या. खरा फायदा तिथे आहे.

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे, कंबर दुखते. आणि सासऱ्यांना पेसमेकर बसवलाय. दोघांना चालेल? (दापोली)

दोघांनाही नको. सुनेची कंबर तिच्या डॉक्टरांना दाखवा. फिट येणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांजवळ, जखमेवर किंवा फुगलेल्या शिरांवर हे मशीन कोणीच लावू नये.

प्रश्न : आंबोली घाट चढताना मला हमखास गाडी लागते. (वेंगुर्ले)

मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजा. तिथे दोरीसारखे ताठ लागणाऱ्या दोन स्नायूबंधांच्या मधली जागा. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा चांगला उपयोग दिसला आहे. प्रवासात मात्र कुणाला गुण येतो, कुणाला नाही. घाट लागण्याआधीच सुरू करा. गाडीत मशीन सांभाळण्यापेक्षा अंगठ्याने दाबणं सोपं. पुढच्या सीटवर बसा आणि मोबाइल पिशवीत टाका.

प्रश्न : लावणी आटोपून आठवडा झाला. यजमानांच्या पोटऱ्या भयंकर दुखतात, अंगात कणकण आहे. मशीनने तासभर बरं वाटतं. रोज लावू का? (कुडाळ)

ताई, मशीन बाजूला ठेवा आणि त्यांना आजच्या आज प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. लावणीने अंग दुखतंच, पण त्याला ताप येत नाही. चिखलात उतरल्यानंतर ताप, पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखणं, डोकेदुखी, डोळे लाल होणं, यात पहिली शंका लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) घ्यायची. उंदरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या भेगांवाटे शरीरात शिरतात, आणि पाच ते चौदा दिवसांनी दुखणं उमटतं. तुमचा आठवडा त्यात नेमका बसतो. लवकर औषध मिळालं तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेततं.

तासभर बरं वाटतं, याचीच मला भीती वाटते. त्या तासात जंतू थांबत नाहीत. केंद्रात गेल्यावर 'लावणीला चिखलात होते' हे न विचारता सांगा. लघवी कमी झाली असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा धाप लागत असेल तर १०८ ला फोन करा.