सोलापुरात राहतो, भरून १८०० किलोचा मोठा कॅम्पिंग ट्रेलर ओढायला जुना पिकअप कोणता घ्यावा?
भरून १८०० किलोचा ट्रेलर म्हणताय तर बोलेरो पिकअपच्या नादी लागू नका, ती पाठीवर माल वाहायला चांगली. इसुझूची व्ही-क्रॉस बघा, जमलं तर १.९ लिटरवाली, २०२१ पासूनच्या मॉडेलला ३६० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, आहे. आधी गाडीखाली वाकून बघा, ट्रेलर जोडायचा हुक बसवलेल्या जागी चासीला चीर किंवा वेल्डिंग दिसलं की सरळ सोडून द्या, मालक काहीही सांगू दे. ट्रायल सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हात घ्या, तुळजापूर घाटात चढवा, टेम्परेचरचा काटा वर सरकतोय का, क्लचचा जळका वास येतोय का बघा. आरसीवर कर्जाचा बोजा नको. आणि ट्रेलरच्या वजनातलं १०-१५ टक्के हुकावर यायला पाहिजे, सगळं सामान मागं भरलं की ट्रेलर झोकांड्या खातो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, तिथं पैसे वाचवू नका प्लीज.