पाठ सुती आहे म्हणून वेस्टकोट खोटा ठरत नाही

प्रश्न : लेस्टरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मी एक पुरुषी वेस्टकोट घेतला. पुढे जांभळं नक्षीदार रेशीम, मागे तपकिरी सुती कापड आणि पट्टा-बक्कल. विकणारा म्हणाला, व्हिक्टोरियन आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. मैत्रीण म्हणते, पाठ सुती म्हणजे फसलीस. खिशाजवळ रेशीम चिरत चाललंय. सौम्य साबणात धुऊन मंडळाच्या नाटकात वापरू का?

उत्तर : धुऊ नका, आणि घालूही नका. नाटकांचे कपडे शिवण्यात माझा जन्म गेला. असंच एक रेशीम मी एकदा कोमट पाण्यात घातलं आणि घडीघडीवर उसवून हातात आलं. ती हळहळ अजून जात नाही.

मैत्रिणीला सांगा, सुती पाठ ही त्या काळची रीतच होती. वरून कोट असायचा, पाठ दिसायची कुणाला? शिवाय खरा ताण मागच्या पट्ट्यावर येतो. तो सुताने सोसावा. ते सूतही खळ देऊन घोटलेलं असे, म्हणजे कोट त्यावरून सहज सरकतो.

पुढची बाजू उजेडाकडे धरून चाचपून पाहा. रेशमाच्या आत कॅनव्हास किंवा जाड लिनन लागेल, छातीपाशी कधी कापसाचा पातळ थरही. बटणं, खिसे आणि घड्याळाची साखळी यांचा भार हा आतला थर पेलतो. काठाला आतून त्याच रेशमाची पट्टी वळवलेली असते आणि पुढे सुती अस्तर सुरू होतं. काटकसर, पण किती शहाणी! शिवणींकडेही बघा. बाजूच्या मूळ शिवणी यंत्राच्या असतील, तर वेस्टकोट १८५० च्या आधीचा नसावा. काजं मात्र त्यानंतरही बराच काळ हातानेच करत.

आता चिरण्याबद्दल. कच्च्या रेशमावरचा डिंक साबणात उकळून काढला की सुमारे पाव वजन घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर. मग रंगारी ते वजन धातूंच्या क्षारांनी भरून काढत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कथिलाचे क्षार फार वापरले गेले. कापड भारदस्त पडायचं, पण धागा आतून ठिसूळ व्हायचा. तुमच्या चिरा सरळ रेषेत, धाग्याच्या दिशेने असतील, तर मला हाच संशय आहे. चिरांवर टाका घालू नका. सुई नवी भोकं पाडते.

नाटकासाठी नवा शिवा. जुना न उसवता त्यावर पातळ कागद ठेवून आकार उतरवा, आधी मांजरपाटात बेतून पाहा. जुना हँगरला लटकवू नका. आम्लरहित टिश्यू कागदात, बक्कल वेगळं गुंडाळून, अंधाऱ्या खणात आडवा ठेवा.