आभा क्रमांक आणि आईची जुनी फाईल

प्रश्न: माझी आई 66 वर्षांची असून तिला मधुमेह आणि हृदयविकार आहे. अनेक वर्षे तिचे उपचार महापालिकेच्या रुग्णालयात झाले; आता आम्ही तिला घराजवळच्या एका खासगी रुग्णालयात नेतो. तिथे नोंदणीच्या खिडकीवर आधार क्रमांक घेऊन तिचा ‘आभा’ क्रमांक काढून दिला, पण जुना इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट संगणकावर दिसत नाही म्हणून तपासणी पुन्हा करायला लावली. मग या क्रमांकाचा उपयोग काय? तो सक्तीचा आहे का? विमा कंपनीला आईची माहिती कळेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: चौदा अंकी आभा क्रमांक ही रुग्णाची केवळ डिजिटल ओळख आहे; तो काढल्यामुळे एकही जुना कागद आपोआप संगणकावर येत नाही. 27 सप्टेंबर 2021 पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये, म्हणजे आभा ज्या सरकारी यंत्रणेचा भाग आहे तिच्यात, रुग्णांच्या नोंदी दिल्लीत एका ठिकाणी साठवल्या जात नाहीत. ज्या रुग्णालयात तपासणी झाली तिथेच त्या राहतात आणि रुग्णाने मोबाईलवरून संमती दिल्यावर दुसऱ्या डॉक्टरांना ठरावीक मुदतीपुरत्या पाहता येतात. त्यासाठी दोन्ही रुग्णालये या यंत्रणेशी जोडलेली हवीत आणि ती नोंद आईच्या आभाशी जोडलेली हवी. हाताने लिहिलेले केसपेपर या वाटेने येणार नाहीत.

इको पुन्हा करणे दरवेळी चुकीचे नसते, कारण हृदयाची स्थिती बदलत राहते. मात्र बदल किती झाला हे कळण्यासाठी जुना रिपोर्ट शेजारी असावा लागतो. म्हणून फाईल टाकू नका. ईसीजीची पट्टी थर्मल कागदावर असेल तर ती कालांतराने पुसट होते, तेव्हा आजच तिचा स्पष्ट फोटो काढून त्यावर तारीख घाला आणि तो आभाच्या ॲपमध्ये स्वतः चढवा.

आंतररुग्ण म्हणून दाखल असतानाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि मागणी केल्यावर 72 तासांत देणे, हे वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यामुळे आई कधी दाखल झाली असेल तर मुदत उलटण्यापूर्वी लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

क्रमांक सक्तीचा नाही आणि तो नसल्यामुळे उपचार नाकारता येत नाहीत. आता काढलाच आहे, तर एक गोष्ट आवर्जून तपासा: त्याला कोणाचा मोबाईल जोडला आहे? संमतीचा ओटीपी त्याच मोबाईलवर येतो. तो आईचा किंवा घरातल्या विश्वासू व्यक्तीचाच असला पाहिजे. या यंत्रणेतून विमा कंपनीला संमतीशिवाय काही दिसत नाही, मात्र कॅशलेस उपचार घेताना आपण ज्या अर्जावर सही करतो त्यातच बहुधा कागदपत्रे कंपनीला देण्याची परवानगी असते, म्हणून तो अर्ज वाचल्याशिवाय सही करू नये. माहिती चोरीला जाण्याची भीतीही निराधार म्हणता येणार नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथले कामकाज बरेच दिवस हाताने करावे लागले होते.

आपल्या पत्रातली खरी अडचण मला वेगळीच वाटते. मुंबईत साध्या तापालाही आपण गल्लीतल्या खासगी डॉक्टरांकडे जातो, आणि या यंत्रणेत येणे त्यांना ऐच्छिक आहे. संध्याकाळी पन्नास रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी प्रत्येक नोंद टंकित करावी, ही अपेक्षा मदतनीस दिल्याशिवाय पुरी होणार नाही. मोठ्या रुग्णालयांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याकडे संगणकही आहेत आणि माणसेही आहेत. सरकारी योजनांचा पैसा घेणाऱ्या अशा प्रत्येक खासगी रुग्णालयाला डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्या रुग्णाच्या आभाशी जोडून देण्याची अट घातलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. खासगी रुग्णालये वाढत असताना ही अट नसेल, तर प्रत्येक ठिकाणी रुग्णाला नव्याने सुरुवात करावी लागेल आणि त्याचा खर्च त्याच्याच खिशातून जाईल.

प्रश्न: वडील 72 वर्षांचे आहेत. आभा कार्ड दाखवून मोफत उपचार मिळतील का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: नाही. त्यासाठी प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे आयुष्मान कार्ड वेगळे काढावे लागते. या योजनेत 70 वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून मिळते. वडिलांचे आधार कार्ड घेऊन योजनेशी संलग्न रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनिसांना) भेटा.