एपीचे कमी मार्क कॉलेजला कळवायचे का?

प्रश्न: मुलीला अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायचाय, एपीत (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांत) दोन विषयांत ५ आलेत पण केमिस्ट्रीत ३. तो ३ लिहायचा की गाळायचा?

उत्तर: अहो, ३ म्हणजे काही नापास नव्हे, स्केलच १ ते ५ चं आहे. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच असलेल्या ऑनलाइन अर्जावर, एपीचे स्कोअर आपणच भरायचे असतात आणि बहुतेक कॉलेजं ते सगळे द्याच असं म्हणत नाहीत, त्यामुळे गाळला तर ती लबाडी होत नाही, फक्त त्या-त्या कॉलेजचा नियम आधी वाचा. तिला कॉलेजात केमिस्ट्रीच घ्यायची असेल तर मात्र शाळेत केलेला एपी केमिस्ट्रीचा कोर्स ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) दिसणारच, मग स्कोअर कुठंय असं वाचणाऱ्याला वाटू शकतं. कॉलेज फार चुरशीचं नसेल तर मी तरी लिहीन बुवा. सॅट या प्रवेशासाठीच्या परीक्षेचं वेगळं, एमआयटीने तर २०२२ मध्ये सॅट किंवा तशीच एसीटी परत सक्तीची केली.