अर्ज तू स्वतःच भर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. यूपीएससीची जाहिरात आली की भांडुप स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे कागद द्यायचे आणि त्याच्याकडूनच अर्ज भरून घ्यायचा, असं तुझं ठरलंय म्हणाली. म्हणून हे पत्र. फोनवर सांगून भागलं असतं, पण यातल्या तारखा आणि आकडे तुला पुन्हा पुन्हा बघावे लागतील, तेव्हा लिहूनच काढलं.

अर्ज तू स्वतः भर. त्या दुकानातला मुलगा टायपिंगला तुझ्यापेक्षा चपळ असेल, पण तुझं माध्यम कोणतं, वैकल्पिक विषय कोणता, प्रवर्ग कोणता, हे त्याला कसं ठाऊक असणार? मागे चार माणसं ताटकळत उभी असताना तो विचारेल त्याला तू काहीतरी सांगून मोकळी होशील. आणि त्या घाईतल्या उत्तरांवर तुझं पुढचं वर्ष-दीड वर्ष अवलंबून राहील. तुझा ईमेल आणि पासवर्ड दुसऱ्याच्या संगणकात राहू नये, हे तर आहेच. पैशांचाही प्रश्न नाही. परीक्षेचं शुल्क १०० रुपये, आणि मुलींना तेही माफ आहे.

आधी तुझ्या मनातली एक भीती काढून टाकते. ही परीक्षा ठरावीक वेळाच देता येते, पण नुसता अर्ज केला म्हणून प्रयत्न मोजला जात नाही. पूर्वपरीक्षेच्या दोन पेपरांपैकी एकाला जरी बसलीस, तरच तो मोजतात. २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले होते, १६ जूनला प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. म्हणजे चार लाखांहून जास्त उमेदवार केंद्रावर गेलेच नाहीत. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. आपली तयारी झालेली नाही हे ओळखून ज्यांनी प्रयत्न राखून ठेवला, त्यांनी शहाणपणाच केला. पुढे मुख्य परीक्षेपर्यंत पोचले १४,६२७, मुलाखतीला २,८४५, आणि शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. त्यात २८४ महिला होत्या, आणि पहिल्या दोन्ही क्रमांकांवर मुलीच.

तेव्हा अर्ज जरूर भर. तू शेवटच्या वर्षाला आहेस, १ ऑगस्टला तुझी २१ वर्षं पूर्ण झालेली असतील, म्हणजे पात्र आहेस. पदवी पास झाल्याचा पुरावा मुख्य परीक्षेच्या टप्प्याला लागतो. पण 'अनुभव म्हणून एकदा बसून बघते' हे जे तू आईला म्हणालीस, ते मला अजिबात पटलेलं नाही. अनुभव घरीही घेता येतो. एखाद्या रविवारी मागच्या वर्षाची खरी प्रश्नपत्रिका घे. साडेनऊ ते साडेअकरा सामान्य अध्ययन, मग जेवण, अडीच ते साडेचार सीसॅट, म्हणजे आकलन, तर्क आणि गणिताचा पेपर. फोन आईकडे दे. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा कर. सीसॅटला २०० पैकी ६६ मिळाले नाहीत, तर सकाळच्या पेपरात कितीही गुण असोत, उपयोग नाही. कला शाखेच्या मुलांचं तिथंच चुकतं. सीसॅट नुसतं पास व्हायचंय म्हणून ती शेवटचा महिना येईपर्यंत गणिताला हात लावत नाहीत. असे तीन-चार रविवार काढलेस की बसायचं की नाही, हे तुझं तुलाच कळेल.

आता दाखल्याचं. घोडं अडतं ते इथंच, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं दाखल्यांच्या टेबलावर. अर्जाची मुदत संपत आली की मुलं खिडकीशी यायची, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला दाखला. दाखला खरा, शिक्का खरा, सही खरी. पण तो राज्याच्या नमुन्यातला. केंद्राच्या परीक्षेला तो चालत नाही, हे त्यांना तोवर कुणी सांगितलेलंच नसायचं.

तुझ्याकडे आहे तोही तसलाच आहे. कॉलेजच्या फीसवलतीसाठी काढलेला, भटक्या जमाती (क) असं लिहिलेला. धनगर समाज राज्यात त्या प्रवर्गात येतो, केंद्राच्या यादीत मात्र तो इतर मागासवर्गीयांत आहे. यूपीएससीच्या अर्जात भटक्या जमाती असा रकानाच नाही. तेव्हा तिथे तुझा प्रवर्ग ओबीसी, आणि दाखला हवा तो भारत सरकारच्या पदांसाठीच्या नमुन्यातला. तो ओळखायची खूण सांगते. त्यात जात केंद्राच्या कोणत्या ठरावाने यादीत आली त्याचा क्रमांक-तारीख असते, आणि उमेदवार उन्नत गटात (क्रीमी लेयरमध्ये) मोडत नाही हे सांगताना ८ सप्टेंबर १९९३ च्या ज्ञापनाचा उल्लेख असतो. तुझ्या हातातल्या कागदावर ही तारीख सापडत नसेल, तर तो कागद या कामाचा नाही. (तुझ्या वर्गातल्या मराठा मैत्रिणीलाही सांग, राज्याचं सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचं (एसईबीसी) आरक्षण केंद्राच्या परीक्षेत लागू नाही. अटींत बसत असेल तर तिने आर्थिक दुर्बल घटकांचा (ईडब्ल्यूएस) दाखला काढावा, आणि तोही केंद्राच्याच नमुन्यात.)

हा दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतला लागतो. उत्पन्न कोणत्या आर्थिक वर्षांचं धरायचं, हे जाहिरातीत स्पष्ट छापलेलं असतं, ते शब्द न् शब्द वाच. जाहिरात आल्यावर धावाधाव करून भागत नाही, कारण अर्जाला मुदत असते जेमतेम तीन आठवड्यांची आणि सरकारी टेबलावरचा कागद आपल्या घाईने पुढे सरकत नाही. तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरतात. त्या दिवशी घराणं जिथं राहत होतं, तिथल्या प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला निघतो. तुझे आजोबा त्यानंतर गिरणीत लागले, म्हणून तुमचा दाखला मुंबईत न निघता गावाकडे निघाला. केंद्राच्या नमुन्याची चौकशीही तिथूनच सुरू कर. दिवाळीत गावी जाल, तेव्हाच बाबांना सोबत घेऊन प्रांत कार्यालयात जाऊन ये. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातला (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचा) उतारा, जे काही घरात असेल ते बरोबर ने. राज्याचा दाखला आधी मिळालेला आहे, त्यामुळे जातीचा पुरावा नव्याने जमवावा लागू नये. तरी मूळ कागद जवळ असलेले बरे.

ओबीसी म्हणून तुला ९ प्रयत्न आणि ३५ वर्षांपर्यंतची मुभा मिळते, खुल्या प्रवर्गाला ६ प्रयत्न आणि ३२ वर्षं. आता बाबा म्हणतील, 'पोरगी हुशार आहे, कशाला हवाय दाखला, खुल्यातूनच भर.' त्यांचा अभिमान मला कळतो. पण प्रवर्ग मागाहून बदलून मागितला तर सहसा ऐकलं जात नाही. हक्काचं आहे ते पहिल्याच अर्जात नोंदव. त्यात कमीपणा कसला?

नावाचंही बघ. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव असतं, मग तुझं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. अर्जात नाव भर ते दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसं, अक्षर न् अक्षर. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर जाहिरातीआधी आधार दुरुस्त करून घे. फोटोही ताजा काढ. तिन्ही टप्प्यांना चेहरा फोटोतल्यासारखाच दिसला पाहिजे.

माध्यमाचा निर्णय मात्र सावकाश घे. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते, तिथे इलाज नाही. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९ पासून ही सोय आहे. तू दहावीपर्यंत मराठी माध्यमात, नंतर इंग्रजीत शिकलीस. लोक दोन्ही बाजूंनी सल्ले देतील. तू कुणाचं ऐकू नकोस, हाताला विचार. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात तीन तासांत २० उत्तरं लिहायची असतात, काही दीडशे शब्दांची, काही अडीचशे. एक पेपर मराठीत लिही, आठवड्याने दुसरा इंग्रजीत. ज्या भाषेत विसावं उत्तरही पहिल्यासारखंच नेटकं उतरेल, ती तुझी भाषा. मला स्वतःला वाटतं की तू मराठीतच लिहावंस. तुझी इंग्रजी वाक्यं बरोबर असतात, पण विचार करताना तू मराठीत करतेस हे मला तुझ्याशी बोलताना दर वेळी जाणवतं. मराठीतून लिहायचं तर संज्ञा आणि संदर्भ स्वतः जमवावे लागतील, तयार नोट्स कमी मिळतील. तेवढी मेहनत तू करशील याची मला खात्री आहे.

मराठीचा एक सक्तीचा पेपरही आहे, ३०० गुणांचा. निबंध, उतारा, सारांश, भाषांतर, व्याकरण असं सगळं त्यात येतं. ७५ गुण मिळवावेच लागतात. ते नाही मिळाले तर बाकीचे पेपर गुणवत्तेसाठी धरतच नाहीत. दहावीनंतर तू मराठीत सलग चार पानं लिहिली आहेस का? आजपासून रोज एक लिही.

केंद्र निवडताना पहिल्या दिवशी हात चालव. जो आधी अर्ज करेल त्याला आधी केंद्र, असा नियम आहे, आणि मुंबईची संख्या भरली की ते बंद होतं. खरं तर पूर्वपरीक्षेला तुला ठाणेच सोयीचं, भांडुपहून तिसरं स्टेशन. परीक्षा रविवारी असते. गाड्या कमी असतात, मेगाब्लॉक असला तर परतताना हाल होतात, आणि पेपर साडेनऊचा असला तरी दार अर्धा तास आधीच बंद होतं. मुख्य परीक्षेला मात्र मुंबईच घे.

अर्जात तुझ्याबद्दल जे जे विचारतात, ते दिल्लीला धोलपूर हाऊसमध्ये मुलाखत घेणाऱ्यांच्या समोर असतं. घरचा जिल्हा, वडिलांचा व्यवसाय, छंद, सगळं. छंद म्हणून 'वाचन, संगीत' असं सगळे लिहितात तसं लिहू नकोस. तू दर शनिवारी सोसायटीतल्या मुलांचा अभ्यास घेतेस, ते लिही. वडिलांचा व्यवसाय लिहिताना बेस्टमध्ये वाहक असं स्वच्छ लिही आणि त्यावर प्रश्न येतील असं धरून चाल. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ ला धावली, ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, हे तुला तोंडपाठ हवं. पण त्याहून मोलाचं ते, जे बाबा रात्री जेवताना सांगतात. कोणत्या मार्गावर गर्दी वाढली, कुठली फेरी बंद झाल्यावर कामवाल्या बायकांची कशी ओढाताण झाली. माण तालुक्यातला दुष्काळ, मेंढरं घेऊन घाटाखाली जाणारी तुमची माणसं, हेही तुझंच आहे. सार्वजनिक वाहतूक आणि पाणी या दोन विषयांवर क्लासमध्ये कुणी शिकवणार नाही इतकं तुझ्या घरात आहे. ते नीट विचारून, टिपून ठेव.

क्लाससाठी दिल्लीला जायची आत्ता गरज नाही. सीएसएमटीसमोरच्या एसआयएसीची, म्हणजे राज्य सरकारच्या स्पर्धा परीक्षा प्रशिक्षण संस्थेची, प्रवेश परीक्षा दे. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या प्रशिक्षण योजनेवर लक्ष ठेव, ती तुमच्या प्रवर्गासाठीच आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे हाच अभ्यास तिथेही कामी येतो. तोही अर्ज भर, मनात किंतु ठेवू नकोस.

या रविवारी संध्याकाळी घरी ये. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, राज्याचा जातीचा दाखला, बाबांचे मागच्या तीन वर्षांचे उत्पन्नाचे कागद आणि आजोबांचं जे काही सापडेल ते घेऊन ये. गेल्या वर्षीची जाहिरात मी छापून ठेवलीय. पेन्सिल घेऊन दोघी बसू आणि ती पहिल्या पानापासून वाचून काढू.

तुझी
मावशी