‘हीदन’साठी मराठीत ‘काफर’ चालेल का?

प्रश्न असा आलाय की नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीतलं (१९५८) मिशनरी म्बांता गावात येतात ते प्रकरण वाचनगटासाठी मराठीत करायचं आहे, आणि त्यात ‘हीदन’ला (ख्रिस्ती नसलेल्यांना पाद्री तुच्छतेने म्हणतात तो शब्द) ‘काफर’ म्हणावं, ‘पाखंडी’ म्हणावं की सरळ ‘मूर्तिपूजक’.

माझं मत, ‘काफर’ अजिबात नको. एक तर आपल्या कानाला तो शब्द मुसलमान माणसाच्या तोंडचाच वाटतो, बखरींपासून तशीच सवय झालेली आहे, त्यामुळे पाद्री काफर म्हणाला की वाचक अडखळणार. पण त्याहून मोठी अडचण आफ्रिकेतलीच आहे. पूर्व किनाऱ्यावरचे अरब व्यापारी मुसलमान नसलेल्यांना काफिर म्हणायचे, तो शब्द पोर्तुगीजांनी ‘काफ्र’ म्हणून उचलला (गोव्यातला ‘खाप्री’ तिथूनच आलाय) आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी काळ्या माणसाला हिणवायला वापरून वापरून त्याची इतकी घाण शिवी केली की २०१८ मध्ये तिथे एका गोऱ्या बाईला पोलिसांना त्या शब्दाने शिव्या दिल्या म्हणून तुरुंगवासाची शिक्षा झाली. एवढं ओझं असलेला शब्द नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या गावात कशाला न्यायचा?

‘पाखंडी’चा प्रवास मला फार आवडतो, अशोकाच्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, आणि सगळ्या पासंडांचा राजा आदर करतो असं तिथे लिहिलंय, आणि तुकोबांपर्यंत येईतो ‘पाषांड खंडण’ करायची वेळ आली. पण मराठीत पाखंडी म्हणजे आपल्यातलाच वाट सोडलेला माणूस, आणि म्बांताच्या लोकांनी तर कुठलीच वाट सोडलेली नाही, ते आपल्या घरी बसलेत आणि हा पाहुणा येऊन त्यांना चुकलेले म्हणतोय. मराठी बायबलात ‘परराष्ट्रीय’ असाही शब्द येतो, पण आज तो ऐकला की डोळ्यापुढे मंत्रालय येतं, शिवाय गावात परका कोण आहे हे बघितलं तर तो शब्द पार उलटाच पडतो.

‘मूर्तिपूजक’ चूक नाही, पण फार गुळगुळीत आहे, त्यात तुच्छता कुठे आहे? आपल्याकडे बहुतेक वाचक स्वतःच मूर्तीला हात जोडतात, त्यांना ते नुसतं वर्णन वाटेल. मूळ वाक्यात पाद्री सांगतो की आंधळेपणाने लाकडापुढे न् दगडापुढे वाकणारे हीदन मेल्यावर पामतेलासारख्या पेटणाऱ्या आगीत फेकले जातात. यासाठी आपल्याकडे तयार बोल आहे की, ‘दगडधोंडे पुजणारे’! फक्त लाकूड सोडू नका, ‘लाकडं न् दगडधोंडे पुजणारे आंधळे’ असं करा. आणि हे भाषण गावकऱ्यांना दुभाष्याकडून ऐकू येतंय हे विसरू नका. दुभाषा इग्बोच आहे पण त्याची बोली वेगळी, तो ‘मी स्वतः’ म्हणायला जातो आणि दर वेळी ‘माझे कुल्ले’ म्हणतो, लोक हसून लोळतात. अशा माणसाच्या तोंडी जड संस्कृत नाम बसतच नाही, साधी बोलीच हवी.

लाकूड का सोडायचं नाही तर पुढच्या एका प्रसंगासाठी. मिस्टर ब्राउन हा त्यातल्या त्यात समंजस पाद्री, तो अकुन्ना या इग्बो मोठ्या माणसाच्या घरात बसलाय, वर आढ्याला टांगलेली इकेंगा (लाकडात कोरलेली घरची देवमूर्ती) दाखवून म्हणतो की तुम्ही लाकडाचा तुकडा कोरता आणि त्याला देव म्हणता, पण ते लाकूडच राहतं ना. अकुन्ना शांतपणे म्हणतो हो, लाकूडच आहे, पण ते ज्या झाडाचं आहे ते झाड चुक्वूने केलंय. चुक्वू म्हणजे इग्बोंचा सगळ्यात मोठा देव. इथे कृपा करून दोन्ही तोंडी ‘लाकूड’च ठेवा, एकीकडे ‘काष्ठ’ आणि दुसरीकडे ‘मूर्ती’ असं झालं की अकुन्नाचं उत्तर मेलं. तो वाद घालत नाही, पाद्र्याचाच शब्द उचलून त्याच्याच हातात परत देतो. मला तर सगळ्या पुस्तकात पाद्र्यांच्या अहंकाराला दिलेलं हेच सगळ्यात भारी उत्तर वाटतं.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगतो. चर्चमध्ये गेलेल्यांना ‘बाटगे’ म्हणू नका. बाटणं यात विटाळ आहे, सोवळं-ओवळं आहे, ते आपलं. इग्बो लोक पहिल्यांदा तिकडे गेलेल्यांना ‘एफुलेफु’ म्हणतात, म्हणजे कवडीमोलाचा माणूस, कोयता विकून नुसती म्यान कमरेला लावून लढाईला जाणारा. पुढे ‘ओसू’ही चर्चमध्ये जातात, म्हणजे देवाला वाहिलेले, गावाने बाहेर ठेवलेले, केस कापायलाही बंदी असलेले लोक. त्यांना गावाने आधीच दूर ठेवलं होतं, मग बाटले असं कुणाच्या वतीने म्हणायचं? ‘एफुलेफु’ तसाच ठेवा, पहिल्यांदा येतो तिथे म्यानेचं वाक्य आहेच, वाचकाला कळेल.